दुसऱ्याच्या भाड्याला जामीन

काही लोक तिकिटं जमवतात, काही जुनी घड्याळं. आम्हाला किस्से जमवायची हौस कधीच नव्हती. पण एकदा का तुम्ही कुणाच्या घरभाड्याला जामीन राहिलात, की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. ते पोस्टाने घरी येतात, तुमच्या नावाने. बहुतेक वेळा पाकिटावर लाल अक्षरात काहीतरी छापलेलंही असतं.

ज्यांनी इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून, नागपूरहून नवीन आलेल्या माणसाकडे नोकरी असते, व्हिसा असतो, पगारही बरा असतो. नसतो तो इथे वेळेवर पैसे भरल्याचा इतिहास. म्हणून घरं भाड्याने देणारा लेटिंग एजन्सीवाला म्हणतो, गॅरंटर, म्हणजे जामीन, आणा. इथे स्थायिक झालेला, स्वतःचं घर असलेला, आणि उद्या तुम्ही भाडं थकवलंत तर मी भरेन असं लिहून देणारा. आता आल्याआल्या असा माणूस आणायचा कुठून? मग लोक गणपतीच्या कार्यक्रमात शोधतात.

तिथे त्यांना आम्ही सापडतो. मी विनय, स्लाऊ गावच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. डॉक्टर कमल इंगळे, म्हणजे आमच्या कमलताई, इथल्याच हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या भूलतज्ज्ञ. अरुण बोराडे, हाउन्सलोला राहतो आणि विमानतळाजवळच्या एका मालगोदामात सुपरवायझर आहे. आणि चौथा मुकुंद, माझा शाळेपासूनचा मित्र. तो ब्रिस्टलच्या एका युनिव्हर्सिटीत रोमन कायदा शिकवतो. हो, रोमन. दोन हजार वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं हाच त्याचा खास विषय. आम्ही सह्या करतो आणि तो आम्हाला रोममध्ये आमचं काय झालं असतं ते सांगतो.

*

पहिला बळी मी. हाउन्सलोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये गणपती होता. प्रसादाच्या रांगेत माझ्यामागे नागपूरचं एक जोडपं उभं होतं, निखिल आणि श्रुती. तीन आठवडे एका खोलीत, दोन सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन राहत होते. कुकर लावला की फायर अलार्म वाजायचा.

"काका, तुमचं स्वतःचं घर आहे का इथे?" श्रुतीने विचारलं.

मला वाटलं, मुलगी आस्थेने चौकशी करतेय. म्हटलं, "आहे की, स्लाऊला."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला कळेना की माझ्या घरात एवढं रडण्यासारखं काय आहे. मग निखिलने सगळं सांगितलं आणि दोन दिवसांनी माझ्या फोनवर एक लिंक आली. मी लंचमध्ये सँडविच खाता खाता बोटाने सही केली.

संध्याकाळी मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"वाचलंस का काय ते?"

"वरवर."

"किती पानं होती?"

"फोनवर पानं कळत नाहीत गं."

तिने सगळं प्रिंट काढून मोठ्याने वाचलं. भाडं थकलं तर मी. भिंतीला भोक पडलं तर मी. वकिलाचा खर्च आला तर तोही मी. सातव्या पानावर मी मुकुंदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रोममध्ये सावकार आणि जामीन समोरासमोर उभे राहायचे," मुकुंद शांतपणे म्हणाला. "देणेकऱ्याने आधीच कबुली दिलेली असायची. मग सावकार जामिनाला विचारायचा, याने जे द्यायचं कबूल केलंय, तेच तूही द्यायचं कबूल करतोस का? आणि जामीन एकच शब्द म्हणायचा. स्पोंदेओ. म्हणजे, कबूल करतो. झालं. तेवढ्याने माणूस बांधला जायचा. कागद नाही, सही नाही."

"मग माझंही तसंच झालं की."

"नाही. त्याला निदान प्रश्न ऐकू आलेला असायचा."

निखिल-श्रुती त्या घरात दोन वर्षं राहिले. एक महिना चुकला नाही की भिंतीला भोक पडलं नाही. घर सोडलं त्या दिवशी दोघं पेढे घेऊन आले. "काका, सुटलात तुम्ही," निखिल म्हणाला. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखंच झालं. दोन वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला या दोघांची आठवण यायची, ती सवय लागली होती.

मुकुंदला सांगितलं तर म्हणाला, "रोमन कायद्यात एका प्रकारचा जामीन दोन वर्षांनी आपोआप मोकळा व्हायचा."

मेधा म्हणाली, "आणि पेढे कोण द्यायचं?"



*

कमलताईंचा किस्सा त्यांच्याच स्वयंपाकघरातला. साताऱ्याची संगीता म्हणून एक नर्स सहा वर्षांच्या मुलीला घेऊन इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आली होती. कमलताईंनी तिला जामीन राहायचं ठरवलं. मी आणि मुकुंद तिथे थालीपीठ खात बसलो होतो. ताईंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला, पेन काढलं.

"ताई, रोममध्ये तुम्हाला हे करता आलं नसतं," मुकुंद म्हणाला.

"का रे?"

"बायकांनी दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहायचं नाही, असा ठराव होता."

"कुणी केला?"

"सिनेटने."

"त्यात बायका किती होत्या?"

"एकही नाही."

"मग बरोबर," ताई म्हणाल्या आणि तव्यावरचं थालीपीठ उलटलं. मग उलथनं तसंच हातात धरून मुकुंदकडे वळल्या. "मी चौतीस वर्षं लोकांना भूल दिली. ऑपरेशन सर्जनने करायचं. पण झोपलेला माणूस परत उठेल, याला जामीन कोण होतं? नातेवाईक बाहेर कुणाला विचारायचे, उठतील ना हो? मला. मी म्हणायचे, उठतील. त्यापुढे हे भाडं म्हणजे काय मोठं?"

मुकुंद वरमला. पण शिक्षक माणूस, अर्धवट सोडवेना. "तसं नाही ताई, नीट सांगतो. सही करणं हा गुन्हा नव्हता. बाईने सही केली, आणि पुढे सावकार तिच्याकडे वसुलीला आला, तर ती म्हणू शकायची, मी बाई आहे, माझी जामीनकी कायद्याला मान्य नाही. मग तिला पैसे द्यावे लागायचे नाहीत. बायकांना कुणी फसवू नये, म्हणून केलेलं संरक्षण होतं ते."

ताईंनी थोडा विचार केला.

"म्हणजे आधी सही करून माणसाचं काम करून द्यायचं. आणि सावकार दारात आला की त्याला कायदा दाखवायचा."

"हो. साधारण तसंच."

"आणि हा कायदा बायकांच्या विरुद्ध होता असं तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी सही केली. संगीता अजून त्याच घरात आहे आणि तिची मुलगी कमलताईंकडे मराठी वाचायला शिकते. मुकुंद हल्ली हा धडा शिकवताना "एका भूलतज्ज्ञांचं मत असं आहे की" अशी सुरुवात करतो.

*

अरुण बोराडेला नाही म्हणता येत नाही. एकदा दारावर आलेल्या माणसाकडून त्याने घराच्या सगळ्या खिडक्या बदलून घेतल्या. जुन्या उत्तम होत्या. असा माणूस जामीनदार झाला तर काय होणार? एका वेळी पाच जणांना जामीन होता.

त्यातला एक प्रसाद. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, तिशीचा, अबोल. त्याला स्लाऊमध्ये एका लेटिंग एजन्सीच्या ऑफिसच्या बरोबर वरचा फ्लॅट मिळाला होता. एके दिवशी अरुणला त्या एजन्सीची ईमेल आली. प्रसादचं भाडं थकलं आहे, जामीनदार या नात्याने सात दिवसांत भरा.

अरुणने दुपारची सुट्टी टाकली आणि हाउन्सलोहून बस पकडून थेट एजन्सीत गेला. काउंटरवर जेमा नावाची मुलगी होती. अरुणने तिला ईमेल दाखवली.

"तुम्ही प्रसादला विचारलंत का?"

"त्यांना पत्र पाठवलंय," जेमा म्हणाली.

"कुठे?"

"त्यांच्या पत्त्यावर."

अरुणने बोटाने छताकडे दाखवलं. "म्हणजे वर."

"हो."

"पोस्टाने?"

"सेकंड क्लास, दोन-तीन दिवसांत पोहोचेल," जेमा म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

"चला," अरुण म्हणाला. "फार लांब नाही."

दोघं बाहेरचा जिना चढून वर गेले. प्रसाद त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याने दार उघडलं तेव्हा एका हातात खिचडीचा चमचा आणि कानात हेडफोन. त्याने बँक बदलली होती आणि दर महिन्याला भाडं आपोआप पाठवणारी स्टँडिंग ऑर्डर जुन्या खात्यातच राहून गेली होती. त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नव्हता. माफी मागत त्याने दोन मिनिटांत फोनवरून पैसे भरले. मग इतक्या लांबून आलात म्हणून दोघांना खिचडी वाढली. जेमा "लोणचं आहे का" असं विचारायला शिकली ती त्या दिवशी.

मुकुंदला हे ऐकून फार आनंद झाला. "रोममध्येसुद्धा कित्येक शतकं सावकार थेट जामिनालाच धरायचा. अगदी शेवटच्या काळात एका सम्राटाने नियम केला, की आधी मूळ कर्जदाराकडे जा, त्याच्याकडून वसूल झालं नाही तरच जामिनाकडे या."

"त्याला सम्राट कशाला लागतो?" अरुण म्हणाला. "जिना पुरतो."

याच प्रसादचं पुढे लग्न ठरत होतं. मुलगी नाशिकची. तिच्या वडिलांनी कुठून तरी अरुणचा नंबर मिळवला आणि एका रविवारी सकाळी फोन केला.

"तुम्ही त्यांचे जामीनदार आहात असं कळलं. मुलगा कसा आहे हो?"

"भाडं वेळेवर देतो. एकदा चुकलं होतं, पण ती बँकेची गडबड होती."

"ते छान. पण बाकी? स्वभाव वगैरे?"

अरुणने पाच जणांसाठी सह्या केल्या होत्या, पण आता तो पहिल्यांदाच सावध झाला. म्हणाला, "बाकी करारात नाही."

वडील म्हणाले, "माणूस खरं बोलतोय." लग्न झालं. अरुणला नाशिकला बोलावून मुलाच्या मामाच्या जागी उभं केलं. आता तो म्हणतो, भाड्याचं दोन वर्षांत सुटेल, पण हे सुटायचं नाही.

*

आमची इरा ब्रिस्टलला शिकायला गेली. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र नाम एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे जातं. दुसऱ्या वर्षी तिने चार मित्रमैत्रिणींबरोबर एक घर भाड्याने घेतलं. एजन्सीने पालकांच्या सह्या मागितल्या. म्हटलं, स्वतःच्या मुलीला जामीन राहायला काय वाचायचं? केली सही.

मेधाने वाचलं. म्हणाली, "यात असं लिहिलंय की पाचांपैकी कुणीही भाडं थकवलं, तरी आपण जबाबदार."

"कुणीही म्हणजे?"

"म्हणजे हा टॉम. याने थकवलं तरी आपण."

इराला फोन केला. "कोण हा टॉम?"

"बाबा, टॉम खूप चांगली आहे. तो ड्रम्स वाजवते."

हे ऐकून मला काही धीर आला नाही. पुढच्या शनिवारी डबा द्यायचं निमित्त काढून मी आणि मेधा ब्रिस्टलला गेलो. दार टॉमनेच उघडलं. सहा फुटी, लाजाळू, हातात भांडी पुसायचं फडकं. मी त्याची चौकशी सुरू करणार, तेवढ्यात आतल्या सोफ्यावरून एक वेल्श बाई उठल्या. टॉमच्या आई. त्याही डबा घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तुम्ही इराचे आईवडील? बरं झालं भेटलात. मी तिची जामीन आहे."

मेधाने ओळख सांगितली आणि विचारलं, "टॉमचं कसं चाललंय?"

"टॉमचं ठीक आहे हो. इरा लेक्चरला जाते ना वेळेवर?"

दोघी सोफ्यावर बसल्या. त्यांनी एकमेकींना अंथरुणाच्या चादरी किती दिवसांनी बदलतात इथपर्यंत सगळं विचारलं. तासाभराने तिसरे पालक आले, लेस्टरचे एक गुजराती काका, हातात ढोकळ्याचा डबा. मग कुणालाच कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. पाचही मुलं एका खोलीत दार लावून बसली होती आणि जामीनदार बाहेर जेवत होते.

मुकुंद संध्याकाळी आला. त्याने सांगितलं की रोममध्ये सावकाराला आधी जाहीर करावं लागायचं, जामीन किती जण आहेत आणि कर्ज केवढं आहे. नाही केलं तर जामीन सुटू शकायचा.

"बघा," मी म्हटलं. "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की एवढे आहोत."

टॉमच्या आई ढोकळा घेत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मी जास्त केक आणला असता."

*

सुनेत्रा जाधव कोल्हापूरची. विमानतळावरच्या एका कँटीनमध्ये नोकरी करायची. ते कँटीन बंद झालं तेव्हा तिने ठरवलं, आता स्वतःचं मिसळीचं दुकान. स्लाऊमध्ये एक छोटा गाळा मिळाला. मालक सोहल नावाचे पंजाबी गृहस्थ, लहानपणापासून स्लाऊतच वाढलेले, चाळीस वर्षं दुकानं भाड्याने देणारे. त्यांना जामीन हवे होते. मी, कमलताई आणि अरुण, तिघांनी सही केली.

पहिले चार महिने रविवारी दुकानाबाहेर रांग असायची. मग गॅसचे पाइप बदलायला दुकानासमोरचा रस्ता खोदला. अडथळे लागले, फुटपाथ बंद, पार्किंग बंद. पंधरा दिवसांचं काम तीन महिने चाललं. सुनेत्रा रोज कट तयार करायची आणि रोज संध्याकाळी तो घरी न्यायची.

तीन महिन्यांचं भाडं थकलं. सोहलसाहेबांचं पत्र आम्हा तिघांनाही आलं. मी मुकुंदला फोन केला.

"तिघांत वाटून घ्यायचं ना?"

"रोममध्ये एका सम्राटाने तशी सोय केली होती. ऐपत असलेल्या जामिनांमध्ये कर्ज वाटून घ्यायचं, एकट्यावर बोजा टाकायचा नाही. तुझ्या करारात तसं नाही. तो तिघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण मागू शकतो. नंतर तुम्ही आपसात काय ते बघा."

त्याच संध्याकाळी सुनेत्रा आमच्याकडे आली. खुर्चीत बसलीही नाही. दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, मी बंद करते. मशीन वगैरे विकून जेवढं येईल तेवढं देते. माझ्यामुळे तुमच्यावर यायला नको."

मेधाने किल्ली उचलून तिच्या पर्समध्ये परत ठेवली. "रस्ता कधी उघडणार?"

"म्हणतायत तीन आठवडे."

"मग तीन आठवड्यांनी विचार कर. आत्ता चहा घे."

ती गेल्यावर मेधा माझ्याकडे न बघता म्हणाली, "कन्झर्व्हेटरी पुढच्या वर्षी करू." आम्ही दोन वर्षं त्या काचेच्या खोलीसाठी पैसे बाजूला टाकत होतो. मला एकदम हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण थकबाकी भरली. कुणाला सांगितलं नाही. कमलताई पेन्शनवर, अरुणच्या घराचे हप्ते चालू. त्यांना कशाला अडचणीत टाका?

सोमवारी सोहलसाहेबांचा फोन आला. हिंदीत.

"विनयजी, तुमचे पैसे पोहोचले."

"छान."

"डॉक्टरसाहिबांचेही पोहोचले. पूर्ण."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आणि ते एअरपोर्टवाले बोराडे. तेही पूर्ण. तुम्ही लोक आपसात बोलत नाही का?"

दुपारी आम्ही तिघं त्यांच्या ऑफिसात जमलो. कमलताई म्हणाल्या, माझे ठेवा, मला कुठे पोरंबाळं शिकवायचीयत. अरुण म्हणाला, त्या दोघांचे परत करा, मी ओव्हरटाइम केलाय. मी म्हटलं, सर्वांत आधी माझे आलेत, तारीख बघा. आवाज वाढले. सोहलसाहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते.

"मी जामीनदार पळताना पाहिलेत," शेवटी ते म्हणाले. "नंबर बदलताना पाहिलेत. एक तर माझ्यासमोर बेशुद्ध पडला होता. पण भरण्यासाठी भांडताना आज पहिल्यांदा पाहतोय."

त्यांनी तिघांचे सारखे भाग केले आणि उरलेले परत पाठवले. तिसऱ्या महिन्याचं भाडं त्यांनी स्वतःहून सोडलं. म्हणाले, "रस्ता खोदलेला मलाही दिसत होता."

रस्ता उघडला. सुनेत्राने वर्षभरात आम्हा तिघांचं सगळं फेडलं. दुकान आता शेजारच्या गाळ्यातही पसरलंय आणि सोहलसाहेब दर गुरुवारी तिथे जेवतात, कमी तिखट.

मुकुंदला हा प्रकार सांगितला तेव्हा तो म्हणाला, "या परिस्थितीसाठी रोमन कायद्यात तरतूद नाही."

*

एवढं सगळं चाललेलं असताना मुकुंदने स्वतः मात्र कधी कुणासाठी सही केली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी जामीनकी शिकवतो. मी तीस वर्षं फक्त बुडालेल्यांची प्रकरणं वाचलीत. माझा हात उठणार नाही." आम्हीही त्याला कधी आग्रह केला नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "शनिवारी ब्रिस्टलला येशील? मोठी गाडी घेऊन."

मी गेलो. त्याने मला एका अरुंद, चढाच्या गल्लीतल्या घरी नेलं. तिथे मिसेस हॉब्ज म्हणून अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई व्हीलचेअरमध्ये, कोट घालून, तयार होऊन बसल्या होत्या. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या. नवरा लवकर गेला, मूल नाही. दोनदा पडल्या, त्यामुळे आता एकट्या राहणं शक्य नव्हतं. त्या दिवशी त्यांना केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, पोहोचवायचं होतं.

सामान गाडीत भरताना मुकुंदने मला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पीएचडीला आला तेव्हा त्याच्याकडे इथलं बँक खातं नव्हतं, ओळख नव्हती, जामीन तर नव्हताच. अकरा घरांनी नाही म्हटलं. बाराव्या दारात मिसेस हॉब्जनी दोन प्रश्न विचारले. सिगारेट ओढतोस का? नाही. मांजर चालेल? चालेल. मग त्यांनी त्याला मागची खोली दिली. तो तिथे चार वर्षं राहिला. स्कॉलरशिप उशिरा यायची तेव्हा भाडंही उशिरा जायचं. त्यांनी कधी विचारलं नाही. आणि मुकुंद त्या खोलीतून गेल्यानंतरही दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिला. आम्हाला वाटायचं, हा रविवारी पेपर तपासतो.

केअर होमची मॅनेजर चांगली होती. तिने सगळं समजावून सांगितलं. मूळ खर्च कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देणार होती. पण बागेकडच्या खोलीसाठी वरचे पैसे लागत होते, आणि ते कायम भरले जातील याची हमी कुणीतरी घ्यायला हवी होती. मर्यादा नाही, मुदत नाही. बाई राहतील तोपर्यंत.

"बागेकडची नको," मिसेस हॉब्ज म्हणाल्या. "मला भिंत चालते."

"बागेकडचीच," मुकुंद म्हणाला.

त्याने खिशातून चष्मा काढला आणि फॉर्मचं प्रत्येक पान वाचलं. दोन ठिकाणी शंका विचारल्या. मग शेवटच्या पानावर आला. तिथे एक रकाना होता, रहिवाशाशी तुमचं नातं. पुढे चौकोन होते. मुलगा, मुलगी, जोडीदार, भाऊ-बहीण, मित्र, इतर.

मुकुंदचं पेन मित्र या शब्दावर थोडं थांबलं. मग त्याने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, भाडेकरू. खाली सही केली.

मॅनेजरने कागद आपल्याकडे वळवून वाचला. तिच्या कपाळावर आठी आली. "हे नीट लक्षात नाही आलं माझ्या. पूर्वीचे भाडेकरू, असं लिहायचंय का तुम्हाला?"

मुकुंद उत्तर देणार, त्याआधीच मिसेस हॉब्ज बोलल्या.

"पूर्वीचा नाही. मागच्या खोलीत असतो तो."

मॅनेजरने मुकुंदकडे पाहिलं. मुकुंदने पेनाला टोपण लावलं.

"हो," तो म्हणाला. "मागच्या खोलीत."